मनुबाईचा चालता बांध

सांगलीत एका कॉलनीच्या मोकळ्या जागेत भाजीचा मळा आहे. पाण्याच्या टाकीपासून सुरू होतो, दोडक्याच्या मांडवाखालून जातो आणि यंदापर्यंत गवारीच्या सरींशी थांबायचा. कॉलनीतल्या बायका तो मिळून पिकवतात, मिळून खातात. एवढा कसा वाढला, असं विचारलं तर म्हणतात, मनुबाईच्या हाताला गुण आहे. गुण आहेच. पण मळा गुणानं वाढला नाही, वैरानं वाढला. आणि ते वैर आमच्या कोरेगावाकडचं आहे.

मनुबाईचा नवरा गुंडा आणि त्याचा चुलतभाऊ धनाजी, दोघांच्या वावरांमध्ये एकच बांध होता. धनाजी दरवर्षी नांगरताना तो कोरायचा. एका वर्षाला फार नाही, चार बोटं. बांध कोरणारा माणूस चोरासारखा येत नाही. दिवसाढवळ्या येतो, ट्रॅक्टरवर गाणी लावून येतो, आणि जाताना ज्याचं खाल्लं त्याच्याच ओट्यावर चहा पिऊन जातो.

शेवटी गुंडानं पारावर पंच बोलावले. "बांध सरकलाय!" म्हणून ओरडला. धनाजी पान चघळत हसला. म्हणाला, "बांध कुठं चालतोय व्हय रं? पाय फुटल्यात त्याला?"

लोक हसले.

हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरून ठेवायची आमच्याकडं रीत आहे. लाकूड कुजतं, कोळसा कुजत नाही. आपल्या बापानं पुरलेला कोळसा दाखवतो म्हणून गुंडानं जुन्या जागी खणायला घेतलं. दिवस मावळेपर्यंत खणत राहिला. कोळसा निघाला नाही, कारण धनाजीनं तो आधीच काढून टाकला होता. लोक पुन्हा हसले. त्या हसण्यानंतर गुंडा पारावर बसेना, मग घराबाहेर पडेना, आणि एका उन्हाळ्यात गेलाच. डॉक्टरांनी काळजाचं दुखणं सांगितलं. मनुबाईनं ऐकून घेतलं, पण मानलं नाही.

तिनं उरलेलं वावर वाट्यानं लावलं आणि सांगलीला लेकीकडं आली. लेक रेश्मा दवाखान्यात नर्स. शेजारी कस्तुरी, धान्याच्या व्यापाऱ्याची बायको, जैन. दोघींनी मिळून मोकळ्या जागेतलं काँग्रेस गवत उपटलं आणि मेथी टाकली. मग बाकीच्या बायका आल्या. कस्तुरीच्या घरी जमिनीखालचं काही चालत नाही, म्हणून मुळ्याचा वाफा तिच्यापासून लांब, टाकीकडं.

पर्युषण संपलं की कस्तुरी घरोघर हात जोडत फिरायची. मनुबाईच्याही दारात यायची. "मावशी, कळत-नकळत काय चुकलं असंल तर क्षमा करा. आनि तुमालाबी कुनाला करायची असंल तर करून टाका बगू. हलकं वाटतंय."

"तुला केली गं," मनुबाई म्हणायची. "बाकीचं वझं मला पेलतंय."

एकदा गावाकडून कळलं, धनाजी पोरासाठी सांगलीत जागा बघतोय. मळ्याला लागूनच एक प्लॉट विकायचा होता. मनुबाईनं पाहुण्यांकडून निरोप धाडला, की जागा चांगली आहे, हातची घालवू नका. धनाजीनं ती घेतली. चार कोपऱ्यांना सिमेंटचे खांब रोवले आणि मनुबाईच्या घरी चहा प्यायला बसला.

"वहिनी, तुमी हाईसा म्हंजे राखण फुकटात झाली. जरा लक्ष ठिवा."

"ठिवती की भावजी. डोळं मिटंपातूर ठिवती."

तो गेल्यावर तिनं मळ्याकडच्या दोन्ही खांबांच्या बुडाशी कोळसा पुरला.

सांगलीची माती काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि रोवलेला खांब कलतो. दर पावसाळ्यानंतर मनुबाई पहार घेऊन कललेले खांब सरळ करायची. सरळ करताना ते चार बोटं पलीकडं जायचे. मागं राहिलेल्या मातीत ती शेणखत घालायची. पहिल्यांदा तिथं अंबाडीची एक ओळ आली. पट्टा रुंदावला तशी तिच्या जागी भेंडी. मग गवारीच्या सरी. बायका म्हणायच्या, मळा कसा अंग धरतोय बघा! धनाजी अधूनमधून यायचा, उभे खांब बघायचा, चहा प्यायचा, जायचा.

बऱ्याच वर्षांनी, यंदा तो घर बांधायला आला. गवंडी गावाकडचाच आणला होता. पायाची आखणी करायला गवंड्यानं टेप धरली, चुन्याची फक्की टाकली, पुसली, पुन्हा टाकली.

"आबा, जागा कमी भरतीया. ह्यी भिंत गवारीत जातीया."

धनाजीनं स्वतः टेप ओढली. मग त्याचा आवाज चढला. "बांध सरकलाय! खांब हितं न्हवता! कुनी सरकीवला ह्यो?"

बायका गोळा झाल्या. मनुबाई गवारी तोडत होती. ओटीतल्या शेंगा तिनं पाटीत ओतल्या आणि सावकाश उठली.

"बांध कुठं चालतोय व्हय भावजी? पाय फुटल्यात त्याला?"

गवंडी खाली बघू लागला. त्या दिवशी पारावर हसणाऱ्यांत तोही होता.

"मी मोजणी आनतो," धनाजी म्हणाला.

"आना की. पन आदी ह्या बायास्नी सांगा, बांध सरकतोय का न्हाई?"

"सरकतोय! सरकीवला की सरकतोय!"

"मग गावाकडचा कुनी सरकीवला?"

धनाजी जवळ आला, हळूच म्हणाला, "वहिनी, मान्सं बगत्यात."

"तवाबी बगत हुती."

तिनं खुरपं त्याच्या पायाशी टाकलं. "गवारीच्या दुसऱ्या सरीत कोळसा हाय. तुजी हद्द तितं. खण, धनाजी." दिराला तिनं आयुष्यात पहिल्यांदा नावानं हाक मारली.

"मानूस लावतो."

"माजा नवरा सोता खणत हुता."

इस्त्रीची पांढरी विजार घालून धनाजी मातीत गुडघ्यांवर बसला. खुरप्यानं उकरलं, मग हातानं. कोळसा निघाला, काळाभोर, पुरला तसाच. मनुबाई त्याच्या डोक्यावर उभी होती. ती हसली नाही. गवंडी मात्र हसला, आणि ते हसू तो गावाकडं घेऊन गेला. आता धनाजी पारावरून गेला की कुणीतरी मागून विचारतंच, "काय आबा, बांध चालला का?" गावाकडची जमीन त्यानं अजून सोडलेली नाही. पारावर बसणं मात्र सुटलं आहे.

गवारीच्या सरी धनाजीला परत गेल्या. बायका हळहळल्या. कस्तुरी म्हणाली, "मावशी, आता तरी क्षमा करून टाका."

"माजं दार त्येला ठावं हाय. येऊन मागू दे, मग बगू."

मग मनुबाईनं नाल्याकडच्या पडीक कोपऱ्याकडं बघितलं. जागा कॉलनीचीच होती, नुसता राडारोडा पडलेला.

"तिकडं वाढवू या गं मळा," ती म्हणाली. "पन घाई करू नगा. तिकडं माजं कुनासंगं वैर न्हाई. जरा येळ लागंल."