शांघायहून आलेल्या धाकटीला बघायला निपाणीहून बेळगाव कॅम्पात

सगळ्यांत आधी आली ती चंद्राबाई, आमची शेजारीण. मी अंगणात उन्हाला शेंगा फोडत बसले होते, तर ही दारातनंच ओरडली, "आक्का, तुमची धाकटी आली की! बेळगावात कॅम्पात हाय, दिराच्या घरी. अंगात असला कोट, मला आधी वाटलं मडमच!" तिच्या मागोमाग आणखी तिघी आल्या, पण बातमी सांगायचा मान चंद्राबाईनं घेतला होता. माझी बहीण नऊ वर्षांनी चीन देशातनं येते, आणि ती आधी दिसते कुणाला, तर चंद्राबाईला! ती बेळगावला पोरीच्या लग्नाचं कापड बघायला गेली होती आणि पद्मीच्या दिराच्याच दुकानात शिरली. नशीब एकेकीचं.

पद्मी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. सदलग्याला तिला मी कडेवर वाढवली. तिचा नवरा नेमण्णा मुंबईच्या एका सूतवाल्या शेटच्या पेढीवर कारकून, त्या पेढीची एक शाखा शांघाय शहरात, तिथं हे दोघं राहतात. मूलबाळ नाही. नऊ वर्षांत पत्रं आली, दरेक पत्रात बर्फ आणि रेशीम. मी उत्तर लिहायचे, आमच्याकडं तंबाखू बरी आहे.

चंद्राबाईच्या कमरेला पद्मीची चिठ्ठीपण होती. माझ्या मुलानं वाचून दाखवली. "आक्का, फाल्गुनात आम्ही परत जाणार. शांतीला माझ्याकडं दे. तिकडं शाळेत घालते, पोटच्या पोरीसारखी वाढवते. तिला घेऊन बेळगावला ये, मग ठरवू."

शांती माझी नात, नऊ वर्षांची, तीन बहिणींतली मधली. मुलगा म्हणाला, "आई, तू म्हणशील तसं." सून भाकरी थापता थापता म्हणाली, "शिकंल की पोरगी." म्हणजे घोंगडं माझ्या गळ्यात.

देवळातल्या बायका मला तेव्हापासनं विचारून विचारून बेजार करतात, बेळगावला कसं जायचं, काय खायचं, आणि आपली माणसं चीनमध्ये राहतात तरी कशी. म्हणून एकदाच लिहून काढते. मी तीन बुकं शिकलेली बाई. जोडाक्षर मोडलं तर समजून घ्या.

तर आधी मोटारीचं. सकाळची मोटार धरा म्हणतात, पण भरल्याशिवाय ती सुटत नाही, म्हणून घाईनं जाऊ नका. आम्ही दोघी नऊला जाऊन बसलो, सुटली अकराला. पुढचं बाक मागून घ्या, चार आणे जास्त पडतात पण पोटातलं पोटात राहतं. कंडक्टर कानडीत "बर्री बर्री", या या, करून माणसं कोंबतो. माझं गाठोडं उचलून टपावर टाकायला लागला.

"आरं थांब, दही हाय त्यात!"

"आज्जी, बेळगावात दही मिळत न्हाई व्हय?"

"माझ्या म्हशीचं मिळतंय का सांग!"

मागची माणसं हसली. गाठोडं माझ्या मांडीवर राहिलं.

तवंदीचा घाट चढताना शांतीनं डोळे मिटले, मी उघडे ठेवले, पैसे दिले होते. संकेश्वरला मोटार अर्धा तास थांबते, चहाची दुकानं आहेत, पण आपल्या जैनांतलं कोणी असेल तर पाणी घरनं गाळून न्यावं. दशमी आणि शेंगाची चटणी बरोबर असली की झालं. हत्तरगीच्या पुढं चाक फुसकन बसलं. ड्रायव्हर खाली झोपला, आम्ही झाडाखाली. तिथं शांती विचारते, "आज्जी, चीनला मोटार जाती?"

"न्हाई. बोटीनं जायाचं. महिना लागतोय. उलट्या हुतात." मी मुद्दाम सांगितलं, लपवत नाही.

काकती ओलांडली आणि बेळगावची कौलं दिसली तेव्हा पाच वाजत आले होते. मोटारतळावरनं टांगा करा, आधी भाडं ठरवा. कॅम्पातले रस्ते सरळ, दोन्ही बाजूला मोठी झाडं, कुठं गोरे सोल्जर चाललेत, कुठनं पावाचा वास येतोय. शांती मान इकडं तिकडं करून दमली.

पद्मी दारातच उभी होती, नेमण्णा पेढीच्या कामाला मुंबईत. रडली, मी पण रडले, ते सगळं झालं. दिसायला मात्र अजून तशीच, एक केस पिकलेला नाही. माझ्याकडं बघा! कोट निळ्या रेशमाचा, आत कापूस भरून गोधडीसारखा शिवलेला. मी आपला पदर अंगभर ओढून घेतला.

आता खरी गोष्ट. आम्ही दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं, हे तुम्हाला सांगायला नको. दिवस अजून दोन हात वर होता. मी वाटेत दशमीचा एक तुकडा खाऊन पोट राखून ठेवलं होतं, बहिणीच्या ताटाला ताट लावून बसायचं म्हणून. गाठोड्यात तिच्या आवडीची दपाटी. मी हातपाय धुऊन आत जाते तर काय, हिचं ताट घासून पालथं घातलेलं!

"माझं झालं गं आक्का. साडेचारलाच झालं. तुम्ही बसा, मी वाढते."

नऊ वर्षांनी! घटकाभर थांबवलं नाही! मी म्हटलं, "बरं." माझ्या "बरं"चा अर्थ माझ्या सुनेला कळतो, पद्मी विसरली होती. मी आणि शांती जेवलो, ती वाढत राहिली. दपाटी खाल्ली नाहीत, उद्या खाते म्हणाली.  मोठ्या शहरातनं आली की मोठ्या बहिणीसाठी थांबायची रीत राहत नाही, एवढं मी मनात लिहून घेतलं.

जेवण झाल्यावर तिनं पेटी उघडली. शांतीला तांबडा रेशमी कोट. मापाचा! कागदावर पाऊल काढून पाठवा म्हणून पत्रात लिहिलं होतं, मला वाटलं जोडा आणणार, हिनं पावलावरनं पोरीची उंची काढली. शांती कोट घालून तिच्या मांडीवर जाऊन बसली. माझ्या मांडीवर बसायला ही वर्षभरापासनं लाजते.

सकाळी पोरीची वेणी घालताना मी एक पाप केलं. तिच्या कानात म्हटलं, "तिकडं लोक दिवस मावळल्यावर जेवतात बरं. तुला चालंल?" मला काही ठाऊक नव्हतं. नुसतं तोंडाला आलं ते बोलले.

त्या दिवशी आम्ही किल्ल्यातली जुनी दगडी बसदी, म्हणजे आपलं देऊळ, बघितली. बेळगावला जाल तर ती चुकवू नका. आत गेल्यावर वर बघा, छताला दगडाचं कमळ उलटं लोंबतंय, जीव गार होतो. दर्शन करून पायरीवर बसलो. उन्हाची ऊब होती. मी विचारलं, "तिकडं दिवस कसा जातोय गं तुझा?"

पद्मी कुणी तरी विचारायचीच वाट बघत होती. गल्लीत दुमजली घर, खाली एक, वर एक खोली. गल्लीला मोठा दरवाजा. तिथं मोलकरणीला आमा म्हणतात, तिची आमा कामाला वाघ, पण एकदा कढईला चकाकी यावी म्हणून तिनं डुकराची चरबी चोळली. पद्मीनं सगळी भांडी टाकून दिली. आमा रडली, तिला वाटलं आपली नोकरी गेली. जोंधळा मिळतो, पण तांबडा, भाकरी थापली की फाटते. बाहेरचं गोडधोड खायची सोय नाही, कशात काय घातलंय कळत नाही. सोयाबीन म्हणून तिकडच्या एका डाळीच्या वड्या मात्र मिळतात, ती वाटून दूध काढून घट्ट केलेल्या, त्यावर दोघांचं भागतं. हळद मुंबईहून बोटीनं येते. पंचांगपण. एका साली पंचांग उशिरा पोचलं, यांनी पर्युषण धरलं ते आपल्यापेक्षा आठ दिवस मागं. "सगळे उपास केले आक्का, आणि मग कळलं, तुमची पारणी कधीच झालेली."

"आणि पाणी?"

"तिकडं सगळेच उकळलेलं पितात. गल्लीच्या तोंडाला दुकान हाय, दिवसभर मोठ्या चुलीवर पाणी कढत असतं. किटली न्यायची, भरून आणायची."

ऐका! गरम पाणी विकत, दाराशी! मी पन्नाशी ओलांडली, अजून ओल्या शेण्या फुंकते. मला त्या रेशमाचं वाटलं नाही तेवढं त्या गरम पाण्याच्या दुकानाचं वाटलं.

"चौकात शीख पोलीस असतो," पद्मी म्हणाली. "त्याचं बोलणं मला समजत न्हाई, पण फेटा दिसला की मी वाट वाकडी करून त्याच्या समोरनं जाते."

तेवढ्यात शांती तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पद्माआज्जी, तुम्ही रातीचं जेवता?"

पद्मीनं माझ्याकडं बघितलं. पोरीच्या तोंडात ते कुणी घातलं, तिला कळलं. मी कमळ बघायला वर मान केली, पण आम्ही बाहेर बसलो होतो, वर नुसतं आभाळ.

"जा गं, ती बकरी बघ कशी भिंतीवर चढली," तिनं शांतीला पाठवलं. मग हळू बोलली.

"थंडीत तिकडं पाचच्या आत दिवस मावळतोय, आक्का. तोसुद्धा दिसत न्हाई, नुसता धूर आणि उंच घरं. मग ह्यांनी मला कागदावर वेळा काढून दिल्या. मी घड्याळ बघून साडेचारला जेवते. नऊ वर्षं. काल पण तसंच झालं. घड्याळात साडेचार वाजले आणि हात आपोआप ताटाकडं गेला. जेवून उठले आणि बाहेर बघते तर एवढं ऊन! तू येणार म्हणून सकाळपासनं मीच भाजी निवडत हुते, आणि मीच आधी जेवले. तुला काय सांगायचं?"

शांती कुठंवर गेली ते मी मान वळवून बघितलं.

"हे पेढीवरनं सहाला येतात. पहिली दोन वर्षं ते उपाशी झोपले. मग आजारी पडले. डाक्टर म्हणाला, जेवा. तवापासनं थंडीत ते दिव्याच्या उजेडात जेवतात आणि मी समोर बसते. एका वर्षी मी पण कपभर दूध घेतलं त्यांच्याबरोबर. एकट्यानं जेवताना बघवंना मला. झालं, सांगितलं. आता पोरगी न द्यायला कारण गावलं तुला."

खरं सांगते, आधी मला आनंदच झाला. सापडली! घरी जाऊन मुलाला एवढं सांगितलं की संपलं, कुणी माझ्याकडं बोट दाखवणार नाही. देवळातसुद्धा कुणी मला नाव ठेवणार नाही. पण पद्मी पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती, लहानपणी आईचा मार चुकवायला माझ्यामागं उभी राहून गुंडाळायची तसा. आणि माझ्या तोंडातनं निघालं ते दुसरंच.

"दुधाचं मी कुणाला सांगत न्हाई. आणि पोरगी त्यापायी न्हाई म्हणत न्हाई." असा शब्द दिला, आणि आता लिहून बसले; तुमच्यातच ठेवा.

"मग?"

"काल ती तुझ्या मांडीवर बसली. ते मला बघवलं न्हाई. तू तिला नेलंस तर ती तुझी हुईल. तुझ्याकडं रेशीम, बर्फ, गरम पाणी. माझ्याकडं काय हाय? मला जळायला लागलंय, पद्मे. म्हणून न्हाई."

पद्मी बघतच राहिली. मग जी हसायला लागली, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. डोळ्यांतनं पाणी. "आक्का गं! आणि मी तिकडं साडेचारला ताट घेऊन बसले की रोज म्हणते, आता आक्काच्या घरात सहा ताटं मांडली असतील!"

पोरगी मागितली ती ताटाला सोबत म्हणून, ते मला तिथं कळलं. तरी मी दिली नाही. तिनंही पुन्हा मागितली नाही. डोळे पुसून एवढंच म्हणाली, "बरं." माझंच "बरं" होतं ते.

त्या दिवशी साडेचारला पद्मी उठली, ताट काढलं, घड्याळाकडं बघून परत ठेवलं. पाच वाजता पुन्हा काढलं. मी ओरडले, "बस की गप!" ऊन समोरच्या कौलांच्या टोकाला गेलं तेव्हा तिघी एका ओळीत बसलो. शिळी दपाटी तिनं चार खाल्ली. माझी तीन.

तिसऱ्या दिवशी परतलो. कुंदा घ्या, गरम असताना बांधून देतात, पण डबा घरचा न्या. मांडे घेऊ नका, निपाणीपर्यंत भुगा होतो, आमचा झाला. शांती संकेश्वरपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिला कळलं होतं. तांबडा कोट अंगात, घाम गळतोय, पण काढेना. "मला बोटीत बसायचं हुतं," एवढंच म्हणाली, आणि खिडकीकडं तोंड. माझं बरोबर झालं की चुकलं, मला अजून सांगता येत नाही. शाळा तिकडं मोठी असणार. घरी आल्यावर सुनेनं भाकरी जरा जोरात थापली.

मला काय उरलं म्हणाल, तर दपाटी थापताना आता मी दोन जास्त थापते आणि मग आठवतं. चीनकडं जपानची भांडणं चालल्यात म्हणतात, मी कुणी पेपर वाचायला लागलं की उठून जाते.

मोटारतळावर पद्मीनं शब्द दिलाय. पुढच्या साली पाऊस संपला की दोघं येणार, आणि या खेपेला कॅम्पात नाही, आधी सदलग्याला माहेरी उतरणार, कार्तिक शुद्ध अष्टमीला. मी त्या दिवशी सकाळीच तिकडं जाणार आहे, एकटी. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निपाणीला येईन. शांती रोज विचारते, पद्माआज्जी कधी येणार? तिला मी नवमी सांगितलीय. तुम्ही कुणी अष्टमी सांगू नका.