दाब वाढलाय

गिरणीचा सकाळचा भोंगा नुकताच थांबला होता. दारात मल्लिनाथच्या शेजारचे काका उभे. "सर गेले," एवढंच म्हणाले. मल्लिनाथ माझ्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा, मी गणित. आदल्या संध्याकाळी मी त्याच्या घरी चहा प्यायलो होतो. ठणठणीत दिसत होता... त्या ठणठणीत दिसण्याचीच आता मला भीती वाटते.

गेली काही वर्षं त्याला एकच वेड होतं, मेलेल्या ताऱ्याच्या पोटात काय असतं याचं. सबंध सूर्य दाबून एवढासा गोळा करायचा की तो सोलापुरातून जवळच्या मोहोळपर्यंतही पोचू नये. आत अणूसुद्धा चिरडले जातात, उरतात ते खेटून बसलेले न्यूट्रॉन. हे द्रव्य ताठ असेल तर वरचं ओझं पेलेल. मऊ असेल तर लवकरच तारा आत कोसळेल. हँडल फिरवायच्या हिशेबयंत्रावर तो तासन्‌तास आकडे काढायचा. उत्तर मऊ आलं की भाकरी ताटात तशीच राहायची. मी चिडवायचो, "तुझ्या सासऱ्याचा आहे का रे तो तारा? पडला तर पडला!" तो हसायचा नाही. "वसंता, पडायच्या आधी तो काही सांगत नाही बघ. शेवटपर्यंत ठणठणीत दिसतोय."

त्याच्या खोलीत पाहुण्यांसाठीच्या चादरींची उंच चळत होती. "ताऱ्याचं पोट काय असतं ते सगळ्यात खालच्या चादरीला विचार," म्हणायचा. रोज दिवेलागणीला ती खालची चादर ओढून वर ठेवायचा. "तिला जरा सुटू दे की!" तो सांगायचा. गिरिजावहिनी कपाळाला हात लावायच्या.

त्या घरात 'दाब' म्हणजे ताऱ्याचाच दाब. 'दाब वाढलाय' म्हणजे गणित अडलंय. त्या संध्याकाळी छातीवरून हात फिरवत तो म्हणाला, "आज दाब लई वाढलाय." वहिनी आतून ओरडल्या, "मग कोसळू द्या की एकदाचा! तुमी जेवायला या." आम्ही हसलो. तोही हसला. पहाटे तो गेला.

त्यांच्या समाजात मृताला बसवून पुरतात. मांडी घातलेल्या मल्लिनाथवर एकेक पाटी माती पडू लागली, तेव्हा मला पाहवेना. हा आता किती पेलणार, एवढंच मनात येत होतं.

महिना झाला. परवा गेलो तर यंत्रावर फडकं टाकलेलं होतं. मऊ की ताठ, ते राहूनच गेलं. वहिनींनी फडक्याचं टोक सारखं केलं. मग म्हणाल्या, "मीच बोलले ना भावजी, कोसळू द्या म्हणून..." त्यांना अजून झोप नाही, हे दिसतच होतं.

दिवेलागण झाली. त्या उठल्या आणि चळतीच्या तळची चादर ओढू लागल्या. निघेना. मी वरच्या चादरी उचलून धरल्या. तळची चादर वर ठेवून त्यांनी तिच्यावरून हात फिरवला.

"तिला जरा सुटू दे," म्हणाल्या.