ऋजुता सिस्टरने विचारलं

धारच्या एका दवाखान्यात ऋजुता सिस्टर अकरा वर्षं हाडांच्या वॉर्डात आहे. गंभीर प्रसंगी तिला हसू फुटतं. स्वतःच्या लग्नात, ऐन मंगलाष्टकांतही फुटलं होतं. अशा बाईला पाठवलं देवासला, आत्महत्या रोखण्याच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगला!

तिथे नर्सेसच्या जोड्या लावल्या. समोर रुक्मिणी सिस्टर, दुःखी पेशंट बनून. तिने असा काही हंबरडा फोडला की बाहेरचा चपराशी पाणी घेऊन धावत आला. ऋजुताने विचारायचं होतं, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" तीनदा तोंड उघडलं, तीनदा खुदकन हसू. मग सगळा हॉलच खिदळायला लागला.

"हसून घ्या," ट्रेनिंगच्या मॅडम म्हणाल्या, "पण विचारायला शिका. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो."

घरी येऊन भाजी चिरता चिरता तिने प्रश्न घोकायला घेतला. सासूबाई दारातच थबकल्या.

"अगो, मला विचारत्येस? मला तर अजून विमानात बसायचंय!"

चौथ्या दिवशी वॉर्डात हंबीरराव. पीथमपूरच्या कारखान्यातले फिटर, उजवा हात मोडलेला. हातातलं घड्याळ ते शेजारच्या पेशंटला देत होते. "रख लो भिया, मला आता काय करायचंय!"

ऋजुता स्टूल ओढून जवळ बसली.

"दादा, जीव द्यायचा विचार येतो का?"

हसू आलं नाही. हंबीररावांनी होकारार्थी मान हलवली आणि ते ढसाढसा रडले. "सिस्टर, हे कुणी विचारलंच नव्हतं."

हात गेला म्हणजे आपण गेलो, असं त्यांना वाटत होतं. ती ऐकत राहिली. जागची हलली नाही. आयाबाईंकडून डॉक्टरांना बोलावलं, धरमपुरीच्या बहिणीला फोन लावला. बहीण दुपारीच आली. समुपदेशनही सुरू झालं.

दीड महिन्याने ते प्लास्टर काढायला आले, कपाळाला आठ्या घालून.

"सिस्टर, ताईला समजवा काहीतरी! रोज दुधी, रोज दुधी! माणसाने जगायचं कसं?"

ऋजुताला इतका आनंद झाला की ती जिना दोन-दोन पायऱ्या उड्या मारत चढली, आणि वर पोचल्यावर आठवलं, आपल्याला तर खाली जायचं होतं.