पाचव्या पोराचा आवाज

सुगंधाच्या आईने डबी माझ्या टेबलावर ठेवली. डबीत कानाचं मशीन होतं, मीच बसवून दिलेलं.

"परत घ्या मॅडम. पोरगी घालतच नाई."

ही तिसरी खेप. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे किती ऐकू येतं ते तपासून मशीन लावून देणारी. गडचिरोलीत माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. सुगंधा गोंडपिपरीकडची, एकोणीस वर्षांची. लहानपणीच्या तापात कान अधू झालेले. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि इंटरव्ह्यू आठ दिवसांवर आला होता. मशीन नसतं तर तिथे नुसते समोरच्याचे ओठ बघत बसावं लागलं असतं. मशीन ट्रायलवर होतं आणि ट्रायलचा तो शेवटचा दिवस.

आधीच्या दोन खेपांना मी आवाज कमी-जास्त करून पाहिला होता. टेस्टमध्ये मी बोललेलं सगळं ती बरोबर सांगायची. खरं सांगते, मी वैतागले होते. मनात म्हटलं, नखरे आहेत पोरीचे. आईलाच विचारलं, हिला त्रास तरी काय होतो?

"मले काय माहीत? दिवसभर मोबाईलवर चिनी नाटकं पाहत राह्यते."

"जपानी," सुगंधा म्हणाली.

तीन खेपांत ती पहिल्यांदा स्वतःहून बोलली होती. पेशंटच्या माहितीचा माझा फॉर्म तर मी सगळा आईला विचारून भरला होता. बहिऱ्या माणसाला सोडून सोबतच्याशी बोलायचं, ही लोकांची खोड. पण मी तर याच धंद्यातली. लाज वाटली मला.

मी खुर्ची सुगंधाकडे वळवली. तिने मोबाईल काढला. होडी चालवणाऱ्या दोन बहिणींची मालिका होती. प्रत्येक भागाच्या शेवटी तेच गाणं, पाच पोरांच्या बँडचं.

"मशीन घातलं का गाणं थरथरते. मंग गायबच होते."

हीच मालिका का, असं मी तिला विचारलं.

"खाली लिहून येते ना. ती भाषा कोणालेच येत नाई, सगळेच वाचून पाहतात. तिथं मी एकटी बहिरी नाई."



मग गाणं नीट ऐकलं आणि चूक सापडली. कानातलं मशीन कधीकधी शिट्टी मारतं. ती दाबायला आत फीडबॅक कॅन्सलर असतो. लांबवलेला सूर आला की त्यालाही तो शिट्टीच समजतो आणि दाबून टाकतो. बोलताना आपण सूर लांबवत नाही, म्हणून माझ्या टेस्टमध्ये सगळं ठीक. ही पोरं मात्र सूर सोडायलाच तयार नव्हती.

मशीन लॅपटॉपला जोडून मी गाण्यासाठी दुसरा प्रोग्रॅम केला. त्यात कॅन्सलर कमी केला. लगेच शिट्टी वाजली. मग कानात बसणारा साचा बदलून घट्ट केला, तशी ती थांबली. बटण दाबलं की बोलणं, पुन्हा दाबलं की गाणं.

सुगंधाने गाणं लावलं. शेवटच्या ओळीला तिने हात वर केला.

"मागं कोणीतरी हळू गाऊन राह्यला. हा पाचवा होय! मले वाटे, तो नुसता नाचते."

आईने टेबलावरची डबी उचलून पिशवीत टाकली.

इंटरव्ह्यू झाला, नर्सिंगला नंबर लागला. आता ती नर्सिंगच्या युनिफॉर्मवरच तपासणीला येते आणि मी काही विचारायच्या आधी तीच मला विचारते, बॅटरी कितीला देता?

माझ्या फॉर्ममध्ये काही बदललेलं नाही. फक्त तो भरताना सोबत आलेल्यांना मी बाहेर बसवते.