लुओंची चाल आणि करी रोडची खोली

लतिकाबाई ओहोळ मूळच्या नगरच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या, सहा वर्षं आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी लुओ लोकांच्या मुलखात बाळंतपणं केली आणि सत्तावन्न साली मुंबईला परतल्या. करी रोडला आमच्या चाळीत एकट्या राहायच्या. ठेंगण्या, फटकळ. पोराला ताप आला की हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती काही न बघता धावत यायच्या आणि आधी आईला रागवायच्या, "काल का नाही बोलावलंस?"

त्यांच्या समोरच्या खोलीत रमाकांत साळवे राहायचा. गिरणीत साच्यावर कापड विणायला. छातीच्या दुखण्यानं गेला. मागे बायको बकुळा आणि दोन मुली. दफनाला तीन आठवडे झाले नाहीत तोच धाकटा भाऊ चिंतामणी नायगावहून आला.

"वहिनी, ही खोली साळव्यांची. मुलगा असता तर गोष्ट वेगळी होती. पोरी उद्या लग्न होऊन जाणार. खोली परक्याच्या घरात घालायची काय? तुम्ही गावी चला. पडवीत जागा आहे."

हा चिंतामणी चर्चमध्ये पेटी वाजवायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात सगळ्यांच्या पुढे. घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचा.

भाडेपावतीवरचं नाव बदलायला घरमालकाचा गुमास्ता वारसाची चिठ्ठी मागत होता. चर्चच्या चार पंचांनी चिंतामणीच्या नावाच्या चिठ्ठीवर सह्या करूनही टाकल्या. बकुळाला एका शब्दानं विचारलं नाही. उरली होती फक्त उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांची सही. कायदा बकुळाच्या बाजूचा होता, असं एक वकील म्हणाला. असेल. पण आमच्या चाळीत कायदा पोचायच्या आधी पंचांची चिठ्ठी पोचते.

त्याच रविवारी उपासनेनंतर लतिकाबाईंचं भाषण ठरलं होतं : आफ्रिकेतल्या चालीरीती. मी तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकत होतो, म्हणून आफ्रिकेचा नकाशा माझ्याकडून काढून घेतला होता. तो टांगायला मी गेलो. चर्च भरलं होतं. चिंतामणी पेटीपाशी बसला होता.

लतिकाबाई सांगू लागल्या. लुओ माणूस मेला की जमीन कुळात राहते, भावांकडे जाते. मुलींना जमीन नाही. विधवेला नवऱ्याचा भाऊ नाहीतर भाऊबंद पत्करतो.

लोक हसले. "म्हणजे जमिनीबरोबर बायकोपण!" मागून कुणी म्हणालं. चिंतामणी म्हणाला, "रानटीच ते. म्हणून तर तिथं शास्त्र पोचवायला पाहिजे."

मीही हसलो होतो. आज त्याची लाज वाटते.

"शास्त्रच वाचू या," लतिकाबाई म्हणाल्या. त्यांनी बायबलातल्या गणनेच्या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय काढला. "सलाफहाद मेला. मुलगा नाही, पाच मुली. त्या मोशेपुढे, सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि बापाचा वाटा मागितला. देव काय म्हणाला? पोरी बरोबर बोलतात. मुलगा नसेल तर वतन मुलीला. मुलगीही नसेल, तरच भावाला. भावाचा नंबर कितवा आला, चिंतामणराव?"



"पुढचं वाचा की!" चिंतामणी उठला. "छत्तिसावा अध्याय. त्या पोरींना स्वतःच्याच वंशात लग्न करायला लावलं. वतन बाहेर जाऊ नये म्हणून. मी तरी वेगळं काय म्हणतोय?"

"लग्नाला अट घातली. वाटा काढून नाही घेतला! आणि त्या यादीत विधवेचं नाव नाही, हे मला ठाऊक आहे. ते मला खुपतं. लुओंचंही सगळं पटत नव्हतं. नको असलेल्या दिराच्या हवाली झालेल्या बाया माझ्यापुढे रडल्यात. पण तिथं जमीन घेणाऱ्या भावाला त्या बाईचं छप्पर शाकारावं लागतं, तिची पोरं जगवावी लागतात. नाही केलं तर गाव त्याच्या तोंडात शेण घालतं. तुम्ही खोली घेणार आणि हिला पडवी देणार. रानटी कोण?"

"बाई, हा आमच्या घरचा मामला आहे!"

"घरचा होता तर पंचांच्या सह्या कशाला गोळा केल्या? रोज ओरडता, मुंबई आमच्या हक्काची. मुंबई कुणाची ते तुम्हाला कळतं, आणि खोली कुणाची ते कळत नाही?"

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं बकुळा उठली. दोन्ही मुलींचे हात तिनं घट्ट धरले होते.

"पाळकसाहेब, मला गावी नाही जायचं. भावजी म्हणतात पोरी परक्याच्या. त्यांच्या बापानं त्यांना परकं नव्हतं म्हटलं. तुमची सही पडली की यांची शाळा सुटली. करायची तर आत्ता, आमच्यासमोर करा."

पाळकसाहेबांनी दोन्ही मुलींकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी सही करणार नाही."

"मग बकुळाच्या नावाची चिठ्ठी द्या," लतिकाबाई लगेच म्हणाल्या.

"ते... पंचांना विचारावं लागेल."

चिंतामणी तिरमिरीत निघून गेला. एका पंचानं लतिकाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, देवाच्या घरात असले विषय काढू नयेत. आफ्रिकेची माहिती मात्र छान होती!

याला दीड वर्ष होत आलं. बकुळा आणि मुली त्याच खोलीत आहेत. थोरली सातवीत गेली. पण चार पंचांपैकी एकानंही आपली सही मागे घेतली नाही, आणि बकुळाच्या नावाची चिठ्ठीही दिली नाही. दर महिन्याला गुमास्ता पावती फाडतो ती मेलेल्या रमाकांतच्या नावानं. बकुळानं विचारलं तर म्हणतो, "बाईच्या नावानं? आधी चिठ्ठी आणा."

परवा उपासना सुटल्यावर लतिकाबाई पुन्हा पंचांच्या वाटेत उभ्या होत्या. बरोबर बकुळा होती.

"सिस्टर, पुन्हा तेच का?" एक पंच कावून म्हणाला.

"तेच. आणि पुढच्या रविवारीही तेच."