पोर्ट बंद होता, तरी आईला दार दिसलं

इथले गूढ अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगू... अर्ध्यावर हसायला लागते. माझं कामच तसं आहे. घरून नेटवर्क सपोर्ट करते. लोक दिवसभर "आपोआप बंद पडलं" म्हणून रडतात आणि दर वेळी कुठेतरी वायर निघालेली असते. आपोआप काही होत नाही, या एका वाक्यावर माझा पगार चालतो. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

आम्ही मूळचे खानदेशचे, घर सुरतेत, बमरोलीला. नाना म्हणजे माझे वडील. गेल्या हिवाळ्यात डबा घेऊन लूमच्या कारखान्यात गेले आणि तिथेच हार्ट अटॅकने गेले. दवाखान्यातून गाडी थेट गावाकडे नेली, ते बमरोलीच्या घरी परत आलेच नाहीत. आईच्या मनाला हेच लागून राहिलं होतं.

यंदा नाना गेल्यानंतरची पहिली अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमच्यात पितरांची घागर भरतात. उंबरठ्यावर एकेकाचं नाव घेत कुंकवाचं बोट ओढायचं, मग त्यांना घरात जेवायला बोलवायचं. आई नेमकी पाय मोडून मामांकडे, शिंदखेड्याजवळ पडलेली. मला भाऊ नाही. तिचा हट्ट एकच — घागर बमरोलीच्याच घरात भरायची आणि तिला दिवसभर दार दिसलं पाहिजे.

"व्हिडिओ कॉल लावते ना," मी म्हटलं.

"तू सयपाक करशी का फोन धरशी? माले दार दिखाड. त्या येतीन आन कोणी पाहाले नही, आसं नको व्हाले." अहिराणीत ‘त्या’ म्हणजे ते, नाना.

दाराकडे तोंड केलेला एक जुना कॅमेरा नानांनीच बसवला होता. आईच्या टॅबवर त्याचं ॲप होतं. पण मी नुकतंच इंटरनेट कनेक्शन बदललं होतं आणि तेव्हापासून टॅबवर नुसतं गोल चक्र फिरायचं. म्हटलं, हे तर आपलं रोजचंच काम.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवणं — अमुक पाहुणा आला की अमुक घरी पाठव. मी राउटरला तसं सांगितलं. कॅमेऱ्याचा पत्ता पक्का केला, फायरवॉल तपासली, राउटर रीस्टार्ट केला. मोबाईल डेटावरून तपासलं — पोर्ट, म्हणजे कॅमेऱ्याकडे जायची वाट, बंद. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पोर्ट बंदच! मग राउटरचा बाहेरचा पत्ता बघितला आणि डोक्यावर हात मारला. तो आमचा एकट्याचा नव्हताच. कंपनी एकाच पत्त्यामागे अख्खी वस्ती बसवते. वॉचमन शहाणा असून काय उपयोग, मोठं गेटच कंपनीने बंद ठेवलेलं.

कंपनीत फोन केला. "बेन, राउटरनो वांक नथी. पब्लिक आयपी अलगथी लेवी पडशे. अखात्रीज पछी थशे." म्हणजे दोष राउटरचा नाही, फक्त आपला असा पत्ता वेगळा घ्यावा लागेल, आणि तोही अखाजीनंतर.

आईला सांगितलं की यंदा नाही जमणार. तिने फोन ठेवून दिला, आणि मला रडू आलं.

अखाजीच्या सकाळी स्वयंपाकघरातला प्लग जळाला. कॅमेरा तसाही बिनकामाचा, म्हणून त्याचा अडॅप्टर काढला आणि आमरसासाठी मिक्सर तिथे लावला. घागर भरली. मग उंबरठ्यावर बसून पणजोबांचं बोट ओढलं, आजोबांचं ओढलं, काकांचं ओढलं... आणि हात थांबला. नानांचं नाव पितरांत घ्यायचं माझ्याने होईना. तांब्या उचलला आणि उठले.

फोन वाजला. आई.

"हातमाना तांब्या खाले ठेव. तुना नानानं बोट राही गयं."

"आई, तुला कसं कळलं?"

"दिखी राहिनं ना टॅबमा! लवकर लाव व माय. त्या बाहेरच उभा शेतस. हातमा डबा शे. बोट नही तं कसा येतीन?"

दार सताड उघडं होतं. बाहेर ऊन होतं, समोरच्या घराची भिंत होती. कोणी नव्हतं. पण मी बसले. नाव घेतलं — मोठ्याने घेतलं — आणि बोट ओढलं. रेघ वाकडी आली.

फोनवर आई हळूच म्हणाली, "उनात. मझार उनात. आते वाढ त्यास्ले." आले म्हणे, आत आले.

मी वळून वर पाहिलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा विझलेला. अडॅप्टर टीव्हीवर पडलेला, मिक्सर प्लगला. कुंकवाच्या त्याच हाताने मोबाईलवरून पोर्ट तपासला. बंद.

टॅबवर जुनं चित्र अडकलं असेल म्हणाल, तर जुन्या चित्रात माझ्या हातात तांब्या कुठून येणार? आईने अंदाज केला म्हणाल... तर म्हणा तसं. मी पण रोज स्वतःला तेच सांगते. राउटरचा लॉग काढून पाहिला, त्यात बाहेरून आलेलं काहीच नाही.

नंतर पब्लिक आयपी मिळाला. कॅमेरा लावला, पोर्ट तपासला — उघडा. कधी नव्हे ते सगळं पहिल्या झटक्यात चाललं. मी खुशीत आईला फोन केला, म्हटलं, बघ आता, एकदम स्वच्छ दिसेल.

तिने टॅब उघडला.

"हाव," ती म्हणाली. "आते नुसतं दारच दिखस."