खिल्लारे सरांचा चष्मा आणि छज्जा

माणूस भेटला की आधी त्याला उन्हातून बाजूला घ्यायचं आणि मग नमस्कार करायचा, अशी खिल्लारे सरांची पद्धत होती. शिरड शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला मी रुजू झालो, त्या दिवशी एस.टी.तून उतरलो, ट्रंक खाली ठेवली आणि कोणाला विचारावं म्हणून इकडेतिकडे पाहू लागलो. तेवढ्यात पांढरा बुशशर्ट घातलेला एक उंच माणूस आला आणि माझा दंड धरून मला लिंबाच्या सावलीत ओढून घेऊन गेला. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर काळ्या पत्र्याची वाटी बसवलेली होती. "डोळे बारीक केलेल्या माणसाचा खरा चेहरा दिसत न्हाई," तो म्हणाला. "हां, आता बोला. तुमीच नवे विज्ञानाचे ना? मी खिल्लारे. चित्रकला." मला वाटलं, आता फोटो काढणार. मी केसावरून हातही फिरवला. पण त्याने मला नीट पाहून घेतलं, ट्रंक उचलली आणि चालू लागला.

सर मूळचे हिंगोलीचे. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. वडील रेल्वेत गँगमन. त्यांच्या बौद्ध वस्तीतून सरकारी शाळेच्या खुर्चीवर बसलेला पहिला माणूस म्हणजे सर, आणि ती खुर्ची त्यांना फारशी मानवत नसे. ते वर्गात फिरत, नाही तर खिडकीत बसत. कॅमेरा त्यांनी नांदेडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून जुना घेतला होता. त्याची गंमत अशी की त्यात डोळा लावून बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारं भिंग वेगळं. रेंजफाइंडर म्हणतात त्याला. सर सांगत, "आपुन एका झरोक्यातून बघतो, अन् फिलिम दुसऱ्याच झरोक्यातून बघून राहिली असते. दोघांची गाठ पडतेच असं न्हाई." हे वाक्य मी पुढे वर्गात कितीतरी वेळा वापरलं आणि ते माझं नाही हे दर वेळी सांगायचं राहून गेलं.

ती काळी वाटी म्हणजे हूड. तिरपं ऊन भिंगात घुसलं की फोटो धुरकटतो, म्हणून ती हवी. सर तिला छज्जा म्हणत. "आपल्याकडचं ऊन म्हंजे आगाऊ पाव्हणा. त्याला वसरीतच थांबवावं लागतं." तो छज्जाही दुसऱ्याच कुठल्या कॅमेऱ्याचा होता, पण बसला होता बराबर.

त्यात भर घातली मी. दिवाळीत औरंगाबादला गेलो असताना मी सरांसाठी पिवळा फिल्टर आणला, म्हणजे भिंगावर फिरवून बसवायची पिवळी काच. ती लावली की काळ्या-पांढऱ्या फोटोत निळं आकाश गडद होतं आणि ढग उठून दिसतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि तेवढ्यावर भाषणही दिलं. सरांनी काच सदऱ्याच्या टोकाने पुसली, उन्हात धरली आणि तिचं नाव चष्मा ठेवलं. पोरं म्हणू लागली, सरांच्या कॅमेऱ्याला कावीळ झाली.

नव्या चष्म्याचा पहिला प्रसाद हिंगोलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला मिळाला. त्याला मोंढ्यातल्या आपल्या हळदीच्या ढिगाचा मोठा फोटो दुकानात लावायचा होता. पिवळी काच पिवळ्या रंगाला उजळ करते, हे सरांना ठाऊक नव्हतं आणि मला पुस्तकातलं पुढचं पान आठवलं नाही. फोटो आला तो पांढऱ्याशुभ्र ढिगाचा. व्यापारी कपाळाला हात लावून म्हणाला, "मास्तर, ही हळद हाय का ज्वारी? गिऱ्हाईक पीठ मागून राहिलं!" सर शांतपणे म्हणाले, "शेठ, कॅमेऱ्याला हळद लई आवडली. समदी एकट्यानंच खाल्ली." व्यापारीही हसला. तो फोटो त्याने लावला आणि खाली स्वतःच्या हाताने 'हळद' असं लिहिलं.

पण दुसरी चूक अशी हसून मिटली नाही.

पुढच्या भादव्यात आमचे हेडसर निवृत्त झाले. शिस्तीचा माणूस. त्यांच्या निरोपाला शाळेच्या व्हरांड्यासमोर सगळ्यांचा फोटो ठरला. हेडसर मधोमध, हारासकट. दोन्ही बाजूंना आम्ही खुर्च्यांवर. मी मुद्दाम टेरिलीनचा नवा शर्ट घालून आलो होतो. मागे बाकांवर उभे राहिलेले गावकरी आणि कारकून, आणि मागच्या रांगेच्या उजव्या टोकाला शाळेचे शिपाई किसनमामा. तिथे व्हरांड्याच्या वाशाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. तीच आमची घंटा. मामांनी ती वीस-बावीस वर्षं वाजवली होती आणि ते आपल्या घंटेला खांदा लावून उभे राहिले. आकाशात कापसाचे ढग होते. सरांनी छज्जा काढला, चष्मा बसवला आणि थबकले. ऊन तिरपं होतं. मी खुर्चीवरूनच ओरडलो, "दोन्ही लावा सर! चष्म्याच्या पुढे छज्जा बसतो की!" बसला. फोटो झाला.

सर हिंगोलीच्या एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन स्वतः प्रती काढत. पुढच्या आठवड्यात प्रती आल्या आणि शाळेत वाहवा झाली. असे ढग आम्ही कोणी फोटोत पाहिले नव्हते. हेडसर म्हणाले, "खिल्लारे, आभाळ काय आलंय हो!" मी तर माझाच चेहरा दहा वेळा पाहिला. चारही कोपरे जरा काळे, गोलसर झाले होते, पण ती मला एक प्रकारची नक्षीच वाटली.

सगळ्यांचं पाहून झाल्यावर किसनमामांनी हात धोतराला पुसले आणि प्रत हातात घेतली. उजव्या टोकाला बोट ठेवलं. मग बोट डावीकडे सरकवलं, पुन्हा उजवीकडे आणलं. तिथे काळोख होता. घंटा नव्हती आणि घंटेला टेकलेला माणूसही नव्हता.

"मी न्हाई का यात?" त्यांनी विचारलं. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. तेव्हा त्यांनीच आम्हाला सोडवलं. "असू द्या. ढग लई झ्याक आलेत." आणि तास भरला होता म्हणून घंटा द्यायला गेले.

शाळा सुटल्यावर सरांनी कॅमेऱ्याची पाठ उघडली, फिल्मच्या जागी चित्रकलेच्या कपाटातला ट्रेसिंग पेपर ताणून धरला, शटर उघडं ठेवलं आणि डोक्यावर घोंगडं घेऊन आम्ही दोघांनी आत पाहिलं. कागदावर शाळा उलटी उमटली होती आणि चारी कोपरे काळे. चष्म्याच्या जाडीमुळे छज्जा पुढे सरकला होता आणि त्याची कड आता भिंगाच्या नजरेत येत होती. बघायच्या खिडकीतून हे दिसणं शक्यच नव्हतं. मी म्हणालो, "सर, यात तुमचा दोष नाही. दोन्ही लावा म्हणून मीच ओरडलो."

सर घोंगड्यातून बाहेर आले. "फोटू काढताना दिसलं न्हाई, हे खरं. पर प्रत काढताना दिसलं व्हतं मला. कोपरा काळा येऊन राहिलाय हे बघितलं, अन् म्हणलं, चालतंय, कोपराच हाय." कॅमेऱ्याची पाठ लावत म्हणाले, "तिथं हेडसर असते, तर चाललं असतं का? माझा बाप बी जलमभर असाच कडंला उभा ऱ्हायला, अन् मीच म्हणून राहिलो, कोपराच हाय."

मी पाहिलं, सरांचे डोळे भरले होते. मलाही माझ्या टेरिलीनच्या शर्टाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना म्हटलं, "मामा, तुमचा एकट्याचा झकास फोटू काढतो. घंटा धरून." मामांनी मान हलवली. "एकट्याचा नगं, सर. मी एकटा कवा व्हतो? साळंत व्हतो. समद्यासंगं असंल तर काढा, न्हाई तर ऱ्हाऊ द्या. तकलीफ नका घेऊ."

म्हणजे सगळे पुन्हा गोळा करणं आलं. सर घरोघर गेले आणि प्रत्येकाला एकच सांगितलं, "माझ्या हातनं चूक झाली, पुन्यांदा उभं ऱ्हावा." गावकरी तयार झाले, मास्तर कुरकुरले. मुख्य अडचण हेडसरांची. ते तोवर कळमनुरीला आपल्या घरी राहायला गेले होते. बाजाराच्या दिवशी सर आणि मी एस.टी.ने गेलो. हेडसरांनी ऐकून घेतलं आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून म्हणाले, "खिल्लारे, एका शिपायासाठी पुन्हा एवढा पसारा?"

"शिपायासाठी न्हाई सर. तुमी निरोप घेतला तवा एक माणूस व्हता, अन् मी दिलेल्या फोटूत न्हाई. खोटा फोटू दिला मी तुमाला. यायचं नसंल तर तेवढा वापस द्या."

हेडसरांनी भिंतीवरच्या आपल्या फोटोकडे पाहिलं. ते काही बोलायच्या आत त्यांच्या बाई आतून म्हणाल्या, "जा की! दीड महिन्यापासून घरात बसून मला शिस्त शिकवून राहिलेत. एक दिवस तिकडं शिकवा." तेव्हा हेडसर तयार झाले, पण अटीवर. ढग पहिल्यासारखेच आले पाहिजेत.

ढग हवेत म्हणजे चष्मा काढता येईना. सकाळचं ऊन तिरपं, म्हणून छज्जाही काढता येईना. ठरल्या दिवशी सगळे पुन्हा आपापल्या जागी बसले, मामाही घंटेजवळ गेले. मला एक युक्ती सुचली. मी सरांच्या कानाशी लागलो, "मामांनाच मध्ये आणून बसवू. हेडसरांशेजारी." मला माझं मन फारच मोठं वाटत होतं.

"काहून?" सर म्हणाले. "त्यांची घंटा हाय तिथं. मधी आणलं तर त्यो फोटू त्यांचा न्हाई ऱ्हायचा, आपल्या चांगुलपणाचा व्हईल. त्यांची जागा बराबर हाय. माझी चुकली."

आणि ते मागे सरकू लागले. एक पाऊल, दोन पावलं, दहा पावलं. सगळी माणसं फोटोच्या मधल्या उजेडात यावीत आणि काळे कोपरे पलीकडच्या लिंबावर नि रिकाम्या जमिनीवर पडावेत, एवढाच त्यांचा हिशेब होता. पण मैदानाच्या कडेला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. सर त्याला टेकले आणि तरी सरकत राहिले. पोरं ओरडली, "सर, काटे!" हेडसर खुर्चीवरून ओरडले, "खिल्लारे, चेहरे बारीक येतील!" कुंपणात अर्धे शिरलेले सर तिथून म्हणाले, "बारके येतेल सर, पर समदे येतेल!" खटका दाबल्यावर त्यांना ओढून काढायला दोघं लागले. पँट फाटली होती, पोटरीतून रक्त येत होतं, आणि ते मामांकडे बघून हसत होते.

चेहरे बारीकच आले, पण सगळे होते. काळे कोपरे सरांनी कातरून टाकले. किसनमामांनी प्रत पाहिली, बोट ठेवलं आणि ते बोट बराच वेळ तिथेच राहिलं.

त्यानंतर तीन वर्षांनी मामा गेले. त्यांचा लेक सरांकडे आला. आपल्याकडे माणूस गेला की ग्रूप फोटोतून त्याचा चेहरा कापून मोठा करतात आणि हार घालतात. लेकालाही तेच हवं होतं. सर म्हणाले, "लेकरा, तुझा बाप एकट्याचा नगं म्हणला व्हता." त्यांनी आख्खा फोटो मोठा करून, काच लावून दिला.

झालं असं, की त्या घरात आम्हा सगळ्यांनाच हार पडला. बातमी शाळेत आली तेव्हा दोन मास्तरांनी अंगारे लावले. मी हसलो, पण मलाही जरा कसंसंच झालं. हेडसर कळमनुरीहून भेटायला आले, तेव्हा सर आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. बुद्धाच्या तसबिरीशेजारी आमचा फोटो होता आणि त्याला झेंडूचा जाड हार. स्वतःला हारात पाहून हेडसरांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

सर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पण ते आठवतात ते मला त्या घरातले. आम्ही सगळे हाराकडे बघत होतो आणि सर फोटोकडे. मग ते उठले, स्टूल ओढलं आणि त्यावर चढले. फ्रेमच्या वरच्या दोन टोकांना अडकवलेला हार दोन्ही कडांनी खाली लोंबत होता आणि उजव्या कडेच्या झेंडूखाली किसनमामा पुरते झाकून गेले होते.

सरांनी हाराची दोन्ही टोकं सोडली आणि वरच्या पट्टीच्या मधोमध एक खिळा होता त्यावर अडकवली. हार आता फोटोच्या मधून खाली आला. उजव्या टोकाला घंटा दिसली, घंटेला टेकलेले मामा दिसले. मामांची बायको, गयाबाई, चुलीपाशी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

"अहो खिल्लारे," हेडसर म्हणाले, "मी झाकलो की पार!"

"तुमी हायेत की सर," स्टुलावरून सर म्हणाले, "हितं, आमच्यासमोर."

हेडसरांनी पुढे होऊन डगमगणारं स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.